पाल जेवत नाही

(बाग सेवनिया, भोपाळ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, पेशवाई झाली, मधुमेह तर दोनदा झाला. यंदाची पत्रिका वाचून काही जणांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असणार की छपाईत काहीतरी गडबड झाली. (हशा) गडबड नाही. घरात पाळलेली पाल जेवेनाशी झाली तर काय करायचं, यावरच मी बोलणार आहे. आपल्याकडे पाल दिसली की हात आधी झाडूकडे जातो, आणि ती अंगावर पडली तर पंचांगातल्या पल्लीपतनाच्या कोष्टकाकडे. तीच पाल काचेच्या पेटीत ठेवून, तिला चिमट्यानं किडे देऊन, तिच्या काळजीनं रात्री साडेदहाला डॉक्टरला फोन लावणारी मुलं आता आपल्याच कॉलन्यांत राहतात. ती माझ्याकडे येतात. सोबत आई-वडील येतात, बहुधा नाइलाजानं. आजचं बोलणं त्या घरांसाठी आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो त्या काकांचं काम भेलमधल्या मंडळींना ठाऊक आहे. १९५६ साली इथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि पुढच्या काळात विदर्भातली, इंदूर-ग्वाल्हेरकडची कितीतरी मराठी घरं नोकरीपायी भोपाळला आली. काकांचं घर त्यातलंच. त्यांच्या टेबलावर दिवसभर तापमापकं आणि दाबमापकं येत, आणि कोणतं खरं बोलतंय, कोणतं खोटं, हे ते ठरवून देत. आजच्या विषयाला याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. पाल जेवत नाही म्हणून घाबरलेल्या घरानं पालीचं तोंड उघडून बघण्याआधी तिच्या पेटीतला तापमापक तपासावा, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचा तासभर त्याचाच विस्तार.

आधी पाल कोणती ते बघू. ट्यूबलाइटपाशी टपून बसते ती आपली घरची, हेमिडॅक्टायलस फ्लॅव्हिविरिडिस. तिला कोणी पाळत नाही, ती न विचारता राहते. हौसेनं पाळतात ती लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर बिबट्याचे ठिपके, जाडजूड शेपूट, आणि चेहरा असा की नुकतंच काहीतरी मजेशीर ऐकलंय. बहुतेक पालींना हलत्या पापण्या नसतात, त्या जिभेनं डोळे पुसतात. हिला पापण्या आहेत, ही डोळे मिटून झोपते. बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, त्यामुळे ही भिंत चढत नाही, जमिनीवरच फिरते. छतावरून अंगावर पडण्याची भीती नाही म्हटल्यावर आज्यांचा विरोध बराच मावळतो, असा माझा अनुभव आहे. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये सॉल्ट रेंजमधून, म्हणजे आजच्या पाकिस्तानी पंजाबातून, तिचं शास्त्रीय वर्णन केलं. युरोप-अमेरिकेत गेल्या कित्येक दशकांपासून ती पेटीतच पैदा होत आली आहे.

तिची चुलत बहीण मात्र आपल्या दाराशी आहे. बाग सेवनियाहून होशंगाबाद रोडला लागा, मिसरोद, मंडीदीप, ओबेदुल्लागंज मागे टाका, भीमबेटकाच्या फाट्यावर तिथल्या गुहा उजेडात आणणाऱ्या वाकणकरांना नमस्कार करा, आणि सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर नर्मदा येते. पलीकडे सातपुडा. तिथल्या लेपर्ड गेकोला २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र प्रजाती म्हणून जगापुढे मांडलं. नाव दिलं युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. पश्चिम महाराष्ट्र आणि गुजरातेत आणखी एक आहे, युब्लेफॅरिस फस्कस. रात्री वाटेत आडवी आली की लोक विषारी समजून ठेचतात. जगातली एकही पाल विषारी नाही, पण हे सांगून पटत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं की कोणी माझ्यापुढे पाल ठेवून ‘पचमढीहून येताना उचलून आणली’ म्हणालं, तर तिची भूक हा माझा विषय राहत नाही. तिथल्या व्याघ्रप्रकल्पातून काडीसुद्धा आणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी घरात असतील तर त्यांच्या नोंदणीची तरतूद तिच्यातच आली. टोके गेको नावाची मोठी निळसर पाल २०१९ मध्ये त्या यादीत गेली. म्हणून आपल्याकडे आहे ती नेमकी कोणती, ती कुठून आली, तिचे कागद आहेत का, हे आधी विचारा, आणि शंका असेल तर वनविभागात जाऊन विचारा. शिवाय जंगलातून धरलेली पाल पेटीत घाबरूनच खात नाही. तिच्यावर औषध एकच, जिथून आली तिथे परत, आणि तेही वनखात्याच्या हातून.

आता मुद्द्याकडे येते. आपल्या घरात लेपर्ड गेकोएवढ्याच वजनाचा आणखी एक प्राणी असतो, चिचुंद्री. दोघींचं वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या घरातलं. चिचुंद्रीला दोन दिवस अन्न मिळालं नाही तर तिच्या जिवावर बेततं. धडधाकट लेपर्ड गेको कित्येक आठवडे न खाता काढू शकते. हा फरक येतो कुठून? चिचुंद्री, तुम्ही, मी, आपण सगळे जेवणातून मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग अंग गरम ठेवण्यातच जाळतो. पाल ते करत नाही. ती ऊब बाहेरून घेते, उन्हानं तापलेल्या दगडाकडून, भिंतीच्या फटीतून, जमिनीतून. तिचा रोजचा खर्च तिच्याएवढ्याच वजनाच्या, पण आपल्यासारख्या प्राण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वरून जे उरतं ते शेपटीत चरबी म्हणून साठतं.

या काटकसरीची एक अट आहे. बाहेर ऊब नसेल तर आतलं काहीच चालत नाही. पाचकरस काम करत नाहीत, आतडं हलत नाही. अशा वेळी गिळलेला किडा पोटात पचत नाही, सडतो. तेव्हा गार पडलेली पाल किड्याकडे बघून तोंड फिरवते तो नखरा नसतो, ती स्वतःला वाचवत असते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी सरड्यांची तापमानं मोजून १९४४ मध्ये एक निबंध छापला. तोवर हे प्राणी हवेच्या तापमानाचे गुलाम समजले जात. या दोघांनी दाखवलं की ते दिवसभर उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात जात-येत आपलं तापमान फार नेटकेपणानं सांभाळतात. म्हणजे त्यांचा थर्मोस्टॅट शरीरात नाही, चालण्यात आहे. आणि चालायला जागाच ठेवली नाही, सगळी पेटी एकसारखी गार किंवा एकसारखी गरम, तर तो थर्मोस्टॅट बंद.

तापमानाची सत्ता लेपर्ड गेको या प्राण्यावर किती असावी? अंडं २६ अंशांवर उबवलं तर बहुतेक माद्या निघतात, ३२-३३ अंशांवर बहुतेक नर, आणि आणखी दोन अंश वर गेलात की पुन्हा माद्या. ज्याचं लिंगही ऊब ठरवते, त्याची भूक ती ठरवणार यात नवल काय.

म्हणून आपल्या गावाचं वर्ष त्या पेटीत बसून बघा. दिवाळीनंतर भोपाळची हवा फिरते. जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी दहा-अकरा अंशांवर येतं, थंडीची लाट आली की पाचच्या आसपास. आपल्या घरांत हीटर दिवसभर चालत नाही, फरशी बर्फासारखी असते, आणि पेटी नेमकी फरशीजवळच्या शेल्फवर. मुलगा सांगतो, ‘दिवाळीपर्यंत छान खात होती, आता बघतसुद्धा नाही.’ डिसेंबर-जानेवारीतले बहुतेक फोन असेच असतात. पावसाळ्यात दमट हवा, बुरशी, भिजलेलं बूड. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, पण पेटी जिथे आहे ती खोली कूलरसमोरची, दमट आणि पंचवीस अंशांची, आणि घरच्यांनी ‘एवढ्या उन्हाळ्यात कशाला’ म्हणून पेटीला ऊब देणारी हीट मॅट काढून ठेवलेली. पालीला उन्हाळा कळतच नाही.

हौसेनं पाळली जाणारी आणखी एक पाल म्हणजे क्रेस्टेड गेको, तिची गत उलटी. ही न्यू कॅलेडोनिया बेटावरची, १८६६ मध्ये वर्णन झालेली. नंतर कोणाला दिसेना, म्हणून नामशेष झाली असं मानलं गेलं, आणि १९९४ मध्ये पुन्हा सापडली. फळांच्या पावडरीची पेज चाटते, त्यामुळे शाकाहारी घरांत तिचं फार कौतुक. पण ती डोंगरी, गार जंगलातली. पंचवीस अंशांच्या आत-बाहेर खूश, अठ्ठावीसच्या वर गेलं की बेजार. भोपाळच्या मे महिन्यात वीज गेली आणि एसी बंद पडला की ती आधी खाणं सोडते आणि मग जीव. एकाच गल्लीत एका घरातली पाल जानेवारीत उपाशी, दुसऱ्या घरातली मेमध्ये. दोघींना एकच सल्ला देणारा व्हिडिओ पाहून आलात तर मी पहिल्यांदा तो बंद करायला सांगते.

लेपर्ड गेकोच्या पेटीत काय हवं ते सांगते. एका टोकाला उबदार गुहा, तिच्या जमिनीवर ३१ ते ३३ अंश. दुसऱ्या टोकाला २४ ते २६. रात्री वीस-बावीसपर्यंत उतरलं तरी चालतं. दोन्ही टोकांना लपायला आडोसा, आणि मध्ये एक ओलसर आडोसा, ज्यात भिजवलेला टिश्यू पेपर ठेवलेला. ऊब देणाऱ्या हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. तो नसेल तर मॅट पन्नास अंशांपर्यंतही तापू शकते आणि पोट भाजतं. दुकानात मिळणारा ‘गरम दगड’ घेऊच नका, त्यानं भाजलेली पोटं मी पाहिली आहेत.

इथे काकांची आठवण येते. बाग सेवनियातल्याच एका मुलीची पाल थंडीत खायची थांबली. पेटी देखणी, मॅट होती, थर्मोस्टॅट होता, काचेवर चिकटवलेली तापमानाची पट्टी ३२ दाखवत होती. मुलीनं सगळं वाचून केलं होतं. मी साधा प्रोबवाला डिजिटल तापमापक गुहेच्या जमिनीवर ठेवला, तर आकडा आला २३. पट्टी काचेचं तापमान सांगत होती, आणि तीही मॅटच्या अगदी जवळ. थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत लोंबत होता. मॅट आणि पाल यांच्यामध्ये होती जाड टाइल, तिच्या खाली लाकडी शेल्फ. तिथली तीनही यंत्रं आपापल्या जागी खरं बोलत होती, फक्त पालीच्या पोटाखाली कोणी मोजलंच नव्हतं. टाइल काढली, सेन्सर गुहेत नेला, पाल कोणी हातात घ्यायची नाही असं ठरवलं, आणि खायला दिलंच नाही. आठवडाभरात तिनं स्वतः रातकिडा धरला. औषध काहीच दिलं नव्हतं. फी घेतली, ती मोजण्याची. (हशा)

प्रत्येक उपास तापमानाचाच असतो असं नाही. पाल कात टाकायच्या आधी पांढरट, धुरकट होते. तेव्हा दिवस-दोन दिवस खात नाही, आणि कात निघाली की ती स्वतःच खाऊन टाकते. नव्या घरात आलेली पाल आठवडा-दोन आठवडे बिचकून राहते. थंडी सरताना वयात आलेल्या नराला जेवणापेक्षा मादीचा वास महत्त्वाचा वाटतो. मादी अंडी घालण्याआधी खाणं तोडते, आणि नर नसतानाही ती निष्फळ अंडी घालू शकते, हे लोकांना माहीत नसतं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ कातडीतून पांढुरके अंडाकार दिसले तर तिला ओलसर माती भरलेला डबा द्या. पोट फुगलेलं, उकरणं चालू, अंगात त्राण नाही आणि अंडी येत नाहीत, तर मात्र थांबू नका. दोन पाली एका पेटीत असतील तर त्यातली एक उपाशी राहते हे जवळजवळ ठरलेलंच. भांडण दिसत नाही. दांडगी उबेच्या जागेवर बसते आणि दुसरी दिवसेंदिवस गार कोपऱ्यात. वेगळं करा, बस.

आता खाण्याचं. इथे घरोघरी खरी पंचाईत होते. लेपर्ड गेको फक्त किडे खाते, आणि तेही हलणारे. तिला पनीर चालत नाही, दूध-पोळी चालत नाही, उकडलेलं अंडं चालत नाही, केळं तर नाहीच. ‘थोडं तरी खाल्लं की बरं वाटेल’ म्हणून डाळीचं पाणी पाजणाऱ्या आजी मला भेटल्या आहेत. पाल तोंड फिरवते, आणि आजींना वाटतं भूकच गेली. किडे म्हणजे रातकिडे, मीलवर्म, डुबिया जातीची झुरळं, हे सगळं विकत मिळतं, आता घरपोचही मिळतं. देवघराच्या पलीकडच्या खोलीत झुरळांचा डबा ठेवायला तयार नसलेल्या घरानं ही पाल घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगते. पण घेतली असेल तर डबा ठेवायलाच हवा. सोवळं आणि पाल यांत निवड पाल घेण्याआधी करायची असते.

घरातलं किंवा अंगणातलं झुरळ, नाकतोडा पकडून घालू नका. त्यानं कुठली फवारणी, कुठलं जेल खाल्लंय सांगता येत नाही. काजवा तर चुकूनही नको. काही जातींच्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि पाळलेले सरडे त्यानं मेल्याची नोंद आहे. किडा किती मोठा? पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांना एक दिवस आधी गाजर, पालेभाजी, भुसा घालून पोसा, मग कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्या. उपाशी किडा दिलात तर पालीला नुसतं टरफल मिळतं. रात्रभर रातकिडे पेटीत सोडून देऊ नका, ते झोपलेल्या पालीलाच कुरतडतात. ही पाल संध्याकाळची, अंधार पडताना हिंडणारी; भर दुपारी दिव्याखाली चिमटा नाचवून ‘खात नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. रोज तेच मीलवर्म खाऊन कंटाळलेली पाल एखाद्या दिवशी पळणाऱ्या झुरळावर झडप घालते. वॅक्सवर्म नावाच्या चरबट अळ्या मात्र आवळा-सुपारीसारख्या ठेवा, कधीतरी. त्यांची चटक लागली की पाल दुसरं काही घेत नाही, आणि मग तुम्हीच फोन करता, ‘भूक गेली’.

आता सगळ्यात कठीण गोष्ट. मराठी घरात न जेवणारं माणूस सहन होत नाही. लहानपणी काऊचा घास, चिऊचा घास करत आपण सगळे वाढलो, आणि ज्याला जीव लावला त्याला भरवणं हे आपल्या हाताला आपोआप येतं. त्याच हातांनी लोक पालीचा जबडा उघडतात. गार पालीच्या पोटात अन्न घातलंत तर ते सडणार, हे मघाशी सांगितलं. तहानलेल्या पालीला घातलंत तर मूत्रपिंडावर ताण. सिरिंजनं पाणी ढकललंत तर ते फुप्फुसात. आणि कॅल्शियम कमी पडलेल्या पालीची हाडं इतकी मऊ झालेली असतात की उघडताना जबडाच मोडतो. आधी ऊब, मग पाणी, मग शांतता, आणि सगळ्यात शेवटी अन्न. पाण्यासाठी नाकाच्या टोकावर एक थेंब ठेवा, ती जिभेनं चाटते. किंवा कोमट, म्हणजे ३० अंशांच्या आसपासच्या, कोपराच्या खालपर्यंत येईल एवढ्याच पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसवा, नजर ठेवून.

ऊब आधी का, यावर एक जुना प्रयोग मला फार आवडतो. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांना जंतूंचं इंजेक्शन दिलं आणि त्यांना गरम-गार दोन्ही जागा मोकळ्या ठेवल्या. १९७४ मध्ये त्यांनी छापलं, की आजारी सरडे चालत जाऊन नेहमीपेक्षा जास्त गरम जागा गाठतात. अंगात ताप येत नाही, म्हणून ते चालत जाऊन ताप आणतात. पुढच्या वर्षी त्यांनी वेगवेगळ्या तापमानांत कोंडून पाहिलं. जास्त गरम ठेवलेल्यांतले बहुतेक जगले, गार ठेवलेल्यांतले बहुतेक मेले. ते वाळवंटी सरडे होते, चाळीस अंशांना सरावलेले. तुमच्या पालीला तेवढं तापवू नका. पण तिला उबेपर्यंत चालत जायची सोय ठेवा. आजारी पालीला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलंत तर तिच्या हातातलं एकमेव औषध काढून घेतलंत. कापूस ऊब राखतो, देत नाही. आणि तिच्याकडे राखायला काही नसतं.

मग काळजी कधी करायची? दोन गोष्टी बघा. एक, वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा, डब्यात पाल, आठवड्यातून एकदा, आकडा कॅलेंडरवर लिहा. मोठी पाल ५०-६० ग्रॅमची असेल आणि थंडीत महिनाभर न खाता वजन जवळपास तिथेच असेल तर झोपा निवांत. दहावा हिस्सा घटला तर डॉक्टरकडे. पिल्लू असेल तर इतकीही वाट नको. त्याच्या शेपटीत साठा नसतो, आठवड्याच्या आत दाखवा. दुसरी गोष्ट शेपूट. ती मानेएवढी जाड असावी. काडीसारखी झाली, कमरेची हाडं वर आली, डोळे खोल गेले, की घरचे उपाय थांबवा.

डॉक्टर काय शोधतो? जबडा रबरासारखा लवचिक, पाय वाकडे, बोटं थरथरतात, तर कॅल्शियम आणि डी३ कमी. पोटात कडक गोळा, आठवडाभर विष्ठा नाही, आणि पेटीत वाळू, तर आतड्यात वाळू अडकली. दुकानदार ‘कॅल्शियमची वाळू आहे, खाल्ली तरी चालते’ असं सांगतात ते ऐकू नका. साधा टिश्यू पेपर अंथरा, दिसायला दरिद्री पण निर्धोक. बोटांवर, पापणीखाली अडकलेली कात. नीट दिसत नसेल तर पाल शिकार कशी धरणार? तोंडाच्या कडेला पिवळट पू. पोटातले जंत. आणि एक वाईट नाव, क्रिप्टोस्पोरिडियम. हा सूक्ष्म परजीवी आतड्यात घर करतो, पाल खाते तरी वाळत जाते, किंवा खाल्लेलं बाहेर टाकते, शेपटीची काडी होते. यावर खात्रीचा इलाज नाही, आणि तो एका पेटीतून दुसऱ्या पेटीत चिमट्यानं, हातानं, पाण्याच्या भांड्यानं जातो. घरात अनेक पाली असतील तर आजारी पालीचं सगळं वेगळं ठेवा, तिला सगळ्यात शेवटी हात लावा. असं निदान झालं तर मी मालकांशी तिला सुखानं जाऊ देण्याबद्दल बोलते. त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची मुलं फार शहाण्यासारखी वागतात, मोठ्यांपेक्षा बरीच.

काही दुखणी माणसानं रंगाच्या हौसेपोटी घडवलेली आहेत. एनिग्मा नावाच्या रंगजातीत डोकं तिरकं होतं, पाल गोल फिरते, किड्यावर झेप घेते आणि चुकते. तिला भूक असते, नेम नसतो. लेमन फ्रॉस्ट नावाची लिंबू रंगाची पाल बाजारात फार गाजली. २०२१ मध्ये जनुकशास्त्रज्ञांनी दाखवलं की जे जनुक तो रंग देतं तेच कातडीत गाठी आणतं, आणि त्या जातीतल्या बहुतेकींना त्या होतात. हजारो रुपये मोजून रोग विकत घेण्याचा हा प्रकार मला कळत नाही. साधी पिवळी ठिपक्यांची पाल घ्या. किंवा घेऊच नका. पण घरात आहे तिला उपचाराचा हक्क आहे, हे माझं म्हणणं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबते. आपल्या भागात मेंटेनन्सच्या नावाखाली तासन् तास वीज जाते. थंडीत तसं झालं तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून उबदार गुहेशेजारी ठेवा, पेटीवर रजई टाका, हवेला फट ठेवून. त्या दिवशी खायला देऊ नका, आणि आदल्या रात्री खाल्लेलं असेल तर बाटली थंड होऊ देऊ नका. आणि पाल हाताळल्यावर साबणानं हात धुवा. साल्मोनेला या जंतूचं घर बऱ्याच सरपटणाऱ्यांच्या आतड्यात असतं. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, केमोथेरपी घेणारं माणूस घरात असेल तर पेटी त्यांच्यापासून दूर.

डॉक्टरकडे जाताना नुसती पाल आणू नका. ताजी विष्ठा बंद डबीत, चोवीस तासांच्या आतली. वजनाचं कॅलेंडर. पेटीचा फोटो, आणि गुहेच्या जमिनीवरचा तापमानाचा आकडा, दुपारचा आणि पहाटेचा, दोन्ही. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला पालीचा सराव नसतो, तेव्हा आधी फोन करून विचारा. अवघड झालं तर जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विद्यापीठात वन्यप्राण्यांचं स्वतंत्र केंद्र आहे, आपले डॉक्टर तिथल्या तज्ज्ञांशी बोलू शकतात. थंडीत पाल आणताना डबा स्वेटरच्या आत घ्या, स्कूटरच्या हुकाला लटकवू नका.

आता प्रश्न. तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, त्यांना आधी माइक द्या.